खंयबाई

खंयबाईंनी कुठलीही गोष्ट पहिल्या सांगण्यात खरी मानलेली मी पाहिली नाही. ऑफिसात शिरता शिरता मी म्हणावं, "बाई, बाहेर ऊन काय मरणाचं आहे," तर त्या खुर्चीवरून उठायच्या, खिडकीचा पडदा सरकवून डोळे बारीक करून रस्त्याकडे बघायच्या आणि मग "हां, आसा," म्हणून परत बसायच्या. चहावाल्याने "ताजा आहे" म्हटलं की किटलीचं झाकण उघडून वास घ्यायच्या. कॅलेंडरात सुट्टी लाल अक्षरात छापलेली असली तरी आदल्या दिवशी बँकेत फोन करून विचारायच्या. ग्रामदेवतेचा कौल एवढी एकच गोष्ट त्या न तपासता मानत, आणि तीही देवाची भीती म्हणून नव्हे. "कौल सगळ्यांच्या समोर लावतात, म्हणान," असं त्यांचं म्हणणं.

हजेरीच्या कागदावर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं. ते कोणी घेत नसे. त्या समोर असताना आम्ही 'बाई' म्हणायचो आणि पाठ वळली की 'खंयबाई'. खंय म्हणजे कुठे, हे आमच्या सिंधुदुर्गात कोणाला सांगावं लागत नाही. बाईंचा तो एकच शब्द आम्हाला दिवसभर पुरायचा. आपण काहीही बोललो की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "ह्यां खंय लिवलेलां आसा? माका बोट लावन दाखय."

आमचं काम काय, हे माझ्या घरीसुद्धा कोणाला धड कळलेलं नव्हतं. आई शेजारणीला माझ्याबद्दल सांगायची, "आमचां चेडू पेपराक लेबलां लावता." तसं ते खोटं नव्हतं. मालवणच्या बाजारपेठेत एका काजूच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. पुण्याच्या एका संस्थेचा प्रकल्प. खाड्या, किनारा, मासे, पक्षी आणि त्यांवर जगणारी माणसं यांच्याबद्दल झालेलं संशोधन शोधायचं, एकेक पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि त्यातल्या कामाच्या वाक्यांना कॉम्प्युटरवर टॅग लावायचे. हे वाक्य कशाबद्दल आहे ते सांगणारा शब्द म्हणजे टॅग. टॅग सुटे नसायचे. मोठ्या टॅगच्या पोटात लहान, लहानाच्या पोटात आणखी लहान. शेवटी कुठल्या मोठ्या टॅगखाली किती आणि कसा पुरावा जमला ते बघून अहवाल लिहायचा आणि सरकारी समितीपुढे ठेवायचा.

बाई त्या टॅगच्या उतरंडीच्या मालकीण होत्या. आधी कुडाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, निवृत्तीनंतर इथे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा बायोडाटा पुढ्यात ठेवला आणि 'उत्तम इंग्रजी' या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, "ह्यां खंय आसा?" मी चाचरत म्हटलं, वाचते बऱ्यापैकी. त्यांनी पेन काढून 'उत्तम'वर काट मारली, वर 'बऱ्यापैकी' लिहिलं आणि मला नोकरी दिली. त्या दिवशी घरी जाताना मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. पण खरं सांगायचं तर, आपलं म्हणणं कोणीतरी इतकं मनावर घेतलंय याचं बरंही वाटलं होतं.

टॅगची उतरंड त्यांनी मला घरच्या भाषेत शिकवली. मोठ्या टॅगला त्या थोरलं घर म्हणायच्या, लहानांना धाकटी घरं. "धाकट्यान केलां, ता थोरल्याच्या नावार पडतां," असं त्या सांगायच्या, आणि आमचं सॉफ्टवेअर खरोखर तसंच होतं. धाकट्या टॅगखाली एक वाक्य टाकलं की ते आपोआप थोरल्याच्या खात्यात मोजलं जायचं. शिवाय एका धाकट्याला एकच थोरलं घर. दोन्हीकडे नांदायची सोय नव्हती. त्यामुळे नवा टॅग कुठे बसवायचा यावर बाई दोन दोन दिवस घ्यायच्या. स्थळ बघायला निघालेल्या बापासारख्या त्या प्रत्येक थोरल्या घरातले सगळे टॅग उघडून बघत. त्यांचं सगळ्यात जास्त वाकडं होतं ते 'इतर' या टॅगशी. कोणी 'इतर' वापरलेला दिसला की त्या म्हणायच्या, "ही तुझी अडगळीची खोली. उघड बघू, काय काय लपवलंस ते."

प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मग टॅग जुळवून बघायचे, असा नियम होता. बाकीच्या जगात दोघांचं जुळलं की आनंद होतो. बाईंना घाम फुटायचा. एकदा एका लांबलचक पेपरावर आमच्या दोघींचे टॅग तंतोतंत जुळले. मी खूश होऊन वर बघितलं तर बाई माझ्याकडे पाकीटमाराकडे बघावं तशा बघत होत्या. "दोघींतली एक वाचूक नाय," त्या म्हणाल्या. मी शपथ घेतली. "मगे मी वाचूक नसतलंय," असं म्हणून त्यांनी तो पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

त्यांची मुलगी गोव्यात म्हापशाला असायची, म्हणून बाईंची हद्दीवरच्या इन्सुलीच्या चेकपोस्टवरून ये-जा असे. गाडी थांबवून डिकी उघडायला लावली की लोक कुरकुर करतात. बाई मात्र खूश. पोलिसाने त्यांची पिशवी न उघडताच जाऊ दिलं तर त्या रागवायच्या: "माझां त्वांड बघून सोडल्यान. चोराचां त्वांड कसां आसतां, ह्येका म्हायत आसा?" टॅगचंही तसंच, असं त्या आम्हाला सोमवारी येऊन सांगत. संशोधकाचं मोठं नाव बघून पेपर सोडायचा नाही, सारांश वाचून तर मुळीच नाही. प्रत्येकाची डिकी उघडायची.

आणि तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. बाईंचं माहेर आचऱ्याचं. सासर वालावलचं, पण जीव माहेरात. तिथे थोरला भाऊ आणि वयनी. भाऊ शेती आणि माड बघायचा; वयनी गावच्या बायकांबरोबर सुकतीला, म्हणजे पाणी ओसरलं की, खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या काढायच्या. हिवाळ्यातली ती त्यांची मोठी मिळकत. पंधरवड्यातून एकदा तरी मालवणला येणाऱ्या कोणाबरोबर वयनींची पिशवी ऑफिसात यायची. बाई काम बाजूला ठेवून ती परातीत उपडी करायच्या आणि एकेक तिसरी उचलून बघायच्या. मिटलेली असली तर जिवंत. जरा उघडी दिसली की बोटाने टकटक करायची. मिटली तर ठेवायची, नाही मिटली तर टाकायची. "बाई, तुमच्या सख्ख्या वयनीने पाठवलेल्या आहेत," मी एकदा म्हटलं. "वयनी जिवंत आसा," त्या टकटक करत म्हणाल्या, "तिसऱ्यांचां माका म्हायत नाय." मग ऑफिसातल्या छोट्या गॅसवर त्यांचं सुकं व्हायचं आणि दुपारी सगळा जिना नारळाच्या वाटणाने घमघमायचा.

अशा बाईंच्या टेबलावर एक दिवस आचऱ्याचीच खाडी आली. समितीपुढे प्रश्न होता: हिवाळ्यात खाडीवर येणाऱ्या पाखरांसाठी त्या मोसमात तिसऱ्या काढणं बंद करावं का? म्हणजे वयनींचं आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांचं हिवाळ्याचं पोट बंद करावं का, असा त्याचा साधा अर्थ. संशोधनात काय पुरावा आहे ते आम्ही सांगायचं होतं. बाईंनी पहिल्या दिवसापासून सगळ्यांवर संशय धरला. खाडीच्या तोंडाशी एक रिसॉर्ट उभं राहत होतं. त्यांना पाखरं हवीत आणि चिखलातल्या बायका नकोत, म्हणून यामागे तेच असतील. पुण्याच्या सरांना, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांना, एका ओळीत सांगता येईल असा निष्कर्ष हवा असतो, म्हणून त्यांच्यावरही नजर. त्यांच्या मेलमधल्या प्रत्येक 'लवकरात लवकर'चा त्या अर्थ लावत बसायच्या. मलाही ती लागण झाली होती. रिसॉर्टची गाडी आमच्या रस्त्यावर दिसली तरी मी नंबर बघून ठेवायचे.

बहुतेक पेपर लांबच्या खाड्यांचे होते. आमच्याच खाडीवरचा, थेट बायका आणि पाखरं यांची तुलना करणारा असा एकच. संशोधक बाहेरचे, समुद्राकडून होडीने येऊन पाखरं मोजत. काही दिवस बायका चिखलात होत्या, काही दिवस नव्हत्या. नव्हत्या तेव्हा पाखरं कितीतरी जास्त. मोजणी स्वच्छ, लिहिणं प्रामाणिक. बाईंनी तो पहिल्यांदा वाचला आणि 'बायकांचं तिसऱ्या काढणं' हा धाकटा टॅग 'पाखरांना त्रास देणाऱ्या गोष्टी' या थोरल्या घरात नेऊन बसवला. तिथे आमच्याच खाडीचा तो एकटा पुरावा बाकी सगळ्यांवर भारी ठरला.

दुसरी वाचणारी मी होते. मी समासात एक प्रश्न लिहिला: त्या दिवसांत बायका का आल्या नसतील? बाईंनी तो दोनदा वाचला. मग नेहमीचंच विचारलं, "ह्यां खंय लिवलेलां आसा?" मी म्हटलं, पेपरात नाहीये, म्हणून तर विचारते. "पेपरात नाही ते आपण लिहायचं नाही," त्या एकदम शुद्ध मराठीत म्हणाल्या. बाई शुद्ध मराठीत गेल्या की विषय संपला, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी माझा प्रश्न खोडून टाकला.

मला ते खटकलं. तांदळात खडा शोधावा तसं प्रत्येक वाक्य चाळणारी बाई याच पेपराला कशी सोडते? माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. बाईंना म्हाताऱ्या वयात पुण्याच्या लोकांकडून शाबासकी हवीय का? की माहेराविरुद्ध निकाल देऊन आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवायचंय? मी त्यांच्याकडे चोरून बघायला लागले. त्यांनीच मला संशय घ्यायला शिकवलं होतं, आणि तो फिरून त्यांच्यावरच आला होता.

अहवालाचा कच्चा मसुदा समितीकडे गेला आणि तिथून गावात फुटायला वेळ लागला नाही. आचऱ्यात बोललं जाऊ लागलं, "आमचांच चेडू आमची खाडी बंद करता." वयनींची पिशवी यायची थांबली. पहिल्या पंधरवड्याला बाई म्हणाल्या, सुकती बरी नसेल. दुसऱ्या पंधरवड्याला ते कारणही उरलं नाही. दुपारी डबा उघडून त्या खिडकीबाहेर बघत जेवायच्या आणि मी डबा सरकवला तर नको म्हणायच्या. मला त्यांचा राग होता, तरी ते बघवत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आचऱ्याला गावपळणीचा कौल झाला. दर काही वर्षांनी देवाने कौल दिला की आचऱ्याचा अख्खा गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, तिथेच चुली, तिथेच भजनं, मग पुन्हा कौल घेऊन परत. बाईंनी एकही गावपळण चुकवली नव्हती. या वेळी जाऊ की नको, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी मला म्हणाल्या, "तू येतलंस काय माझ्यावांगडा?" कोणीतरी सोबत असलं की वयनी चारचौघांत बोलणार तरी नाहीत, असा त्यांचा हिशोब असावा.

भावाची राहुटी खाडीच्या पलीकडच्या काठावर होती. वयनी म्हणजे सुकलेल्या आमसुलासारखी बारीक, काळीसावळी बाई. हात मात्र मोठे, बोटांना चिरा पडलेल्या. त्यांनी मला जवळ बसवून वाढलं, भाकरी मोडून दिली. बाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि चुलीकडे वळल्या. थोड्या वेळाने चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "वन्स, तुमच्या त्या कागदार आमी पाखरांका भेस्टावतंव म्हणान लिवलेलां आसा मां?"

"संशोधनात तसां आसा, वयनी," बाई म्हणाल्या.

"बरां," वयनी म्हणाल्या आणि जाळ सारखा केला. त्या भांडल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंनी मोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

जेवण झाल्यावर बाई काठाकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले. पाणी ओसरलं होतं. समोर आचऱ्याचा काठ, माडांच्या मागे बंद घरं. आणि चिखलात, बायका बसतात नेमक्या त्या जागी, पाखरंच पाखरं. बगळे, लांब वाकड्या चोचींची करडी पाखरं, मला नावंही न येणारी कितीतरी. सगळी निवांत चरत होती.

बाई बघत राहिल्या. मग कडू तोंडाने म्हणाल्या, "बघ गो. आज वयनी थंय नाय, आणि पाखरां इली. पेपर खरो आसा."

"वयनीच कशाला बाई," मी म्हटलं, "आज तिथे कोणीच नाही. कुत्रंसुद्धा नाही. अख्खा गाव इकडे आहे."

हे मी काही मोठं सुचून बोलले नव्हते. वयनींची बाजू घ्यायची म्हणून बोलले. पण बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे वळल्या. खंय असं विचारतील म्हणून मी समोरच्या काठाकडे बोट केलं. त्यांनी ते विचारलंच नाही.

"कधी?" त्या म्हणाल्या. "त्या लोकांनी पाखरां मोजली, ती कधी?"

पेपर माझ्या फोनमध्ये होता. महिना आणि वर्ष मी वाचून दाखवलं. बाईंना हिशोब करावा लागला नाही. त्याच महिन्यातल्या मागच्या गावपळणीला त्या याच काठावर, याच भावाच्या राहुटीत राहिल्या होत्या. त्या पालथ्या घातलेल्या एका होडीवर बसल्या. मी शेजारी बसून त्यांचा एक हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हात लावला असेन.

"तू माका इचारलेलंस," त्या म्हणाल्या. "बायका कित्याक इल्यो नाय, म्हणान इचारलेलंस. आणि मी म्हटलंय, खंय लिवलेलां आसा."

मी म्हटलं, नियमच तसा होता.

"नियमाचां नाय, गो. प्रश्न बरो होतो, ता माका तेवांच कळलां. पण तो वयनीच्या बाजूचो प्रश्न होतो. माझ्या म्हायेरच्या बाजूचो. दुसऱ्या खंयच्या खाडीचो आसतो तर मी त्या लोकांका फोन करून पिडून काढलां आसतां. हय माका माझोच संशय इलो. म्हणान मी इचारूक नाय." जिच्याबद्दल मी नको नको ते मनात आणलं होतं, तिने आपल्या माणसांवरच्या मायेलाच आरोपी करून ठेवलं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मालवणला परतल्यावर त्यांनी त्या संशोधकाला फोन लावला. माझ्या समोर, स्पीकरवर. मला वाटलं आता त्याची धडगत नाही. पण बाई हळू आवाजात बोलत होत्या. तो गृहस्थही सरळ माणूस निघाला. म्हणाला, हो, ते दिवस मला आठवतात, खाडी अगदी शांत होती, आम्हाला वाटलं आमचं नशीब.

"काठावर कुत्री होती का?" बाईंनी विचारलं.

"नाही. आता तुम्ही म्हणता तर... कुत्री नव्हती. कोंबडंसुद्धा आरवलेलं आठवत नाही. का हो?"

बाईंनी त्याला गावपळण म्हणजे काय ते सांगितलं. मग त्याने मोजणीच्या नेमक्या तारखा शोधून पाठवतो म्हणून सांगितलं, आणि पाठवल्याही. बायका नव्हत्या ते सगळे दिवस गावपळणीचे होते. पाखरं आली होती ती बायका गेल्या म्हणून की अख्खा गाव गेला म्हणून, हे त्या मोजणीवरून कोणालाच सांगता येणार नव्हतं.

पुण्याच्या सरांसमोर बाईंनी कॅमेऱ्यात बघून सगळं सांगितलं. "पहिली वाचक मी, शंका घ्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही," त्या म्हणाल्या. सर जरा अवघडून म्हणाले, "बाई, तुमचं माहेर आचऱ्याचं ना?" मला संताप आला. बाईंना आला नाही. "होय," त्या म्हणाल्या. "घ्या शंका. तुमच्या जागी मी असते तर घेतलीच असती. बाहेरच्या कोणाकडून तपासून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका." तसं तपासून घेतलं गेलं. तपासणाऱ्या बाईही आमच्यासारख्याच चिकित्सक होत्या, पण त्या तारखांपुढे त्यांचंही काही चाललं नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून तो धाकटा टॅग थोरल्या घरातून काढला. कुठे बसवायचा यावर दोन दिवस गेले. शेवटी 'माहिती अपुरी' या घरात त्याची सोय झाली. आणि बाईंनी उतरंडीत एक नवंच थोरलं घर बांधलं, 'पेपरात नाही' नावाचं. त्याच्या पोटात पहिला धाकटा टॅग 'कधी', दुसरा 'कोण नव्हतं'. आजही मी जिथे काम करते तिथे नवी उतरंड रचायला घेतली की पहिलं घर हेच बांधते. नवीन मुलं विचारतात, हे कशासाठी? मी सांगते, वापरून बघा.

समितीने त्या हिवाळ्यात खाडी बंद केली नाही. आधी गाव गावात असताना नीट मोजणी करा, मग बघू, असं ठरलं. रिसॉर्टने यात काही केलं होतं का? आम्हाला काही सापडलं नाही. बाईंचा त्यांच्यावरचा संशय मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

अहवाल गेला आणि बाईंनी नोकरी सोडली. मुलगी बोलावत होती, म्हापशाला जाऊन राहायचं ठरलं. मी म्हटलं, एका चुकीसाठी कशाला जाता? "चुकीसाठी नाय," त्या म्हणाल्या. "थकलंय गो. रातचां झोपेत पण बोट लावन बघतंय." त्या नसतील तर माझं कसं होणार, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या, तेव्हा जिन्यावर कोणीतरी सावकाश चढत येण्याचा आवाज आला. दारात वयनी उभ्या. हातात ओली पिशवी. ऑफिसात त्या कधीच आल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवली. "ह्यां तुमचां हापिस?" त्या म्हणाल्या. "माका वाटलेलां मोठां आसतलां."

बाई खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. "बसा, वयनी."

"बसूक इलंय नाय." तरी त्या बसल्या. पिशवी पुढे केली. "सकाळच्या सुकतीचे आसत. तुमका बघून घेतल्याशिवाय चलत नाय, ता म्हायत आसा माका. बघून घेवा."

बाईंनी पिशवी हातात घेतली. परात नेहमीच्या जागी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी ती घेतली नाही. मोरीत पातेलं धरून तिसऱ्या दोन पाण्यांतून खळाखळा धुतल्या, पातेलं तसंच गॅसवर ठेवलं आणि वर झाकण घातलं.

"बघूक नाय?" वयनींनी विचारलं.

"कित्याक बघूचे?" बाई म्हणाल्या, आणि वयनींच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी माडांचं, भाताचं, म्हापशाच्या घराला विहीर आहे की नाही याचं बोलू लागल्या. बाई बोलता बोलता वयनींच्या चिरलेल्या बोटांवरून हात फिरवत होत्या, आणि वयनी तो फिरवू देत होत्या.

"गॅस पेटय गो," बाईंनी मला सांगितलं.

मी उठले. काडी ओढायच्या आधी एकदा मागे वळून बघितलं. दोघींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मग मी झाकण उचललं आणि, बाईंची शिष्या मी, एकेक तिसरी बोटाने हलवून बघितली. सगळ्या मिटलेल्या होत्या.